तहानेची वही

बाळंत होऊन चिमी घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची थोरली बहीण एक वही, एक पेन्सिल आणि रेघा आखलेली लिटरभर मापाची काचेची बाटली घेऊन आली. बाळासाठी आणलेली टोपी पिशवीच्या तळाशी होती. ती तिला निघताना आठवली.

"दिवसभरात जेवढं पाणी पिशील तेवढं लिहायचं," ताई म्हणाली. "किती वाजता, किती, आणि बाळ अंगावर असताना की नसताना. एवढंच."

"कशाला गं?"

"मला बघायचंय. आणि दूध पाजणाऱ्या बाईनं पाण्याकडे लक्ष ठेवलेलं बरंच."

चिमीला हसू आलं. मापं घेण्यातच तिचा दिवस जायचा. शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ती कापणीच्या टेबलावर होती. एकावर एक चाळीस थर कापड अंथरायचं, वर खडूनं आखायचं आणि एका दमात कापायचं. अर्ध्या इंचाची चूक झाली की चाळीस शर्टांचे खांदे वाया. कारखान्याचे मास्तर म्हणायचे, हिच्या हातात टेप नाही, तराजू आहे. तेव्हा रोजचं पाणी मोजून लिहिणं तिला काय जड जाणार होतं? आणि ताईनं सांगितलं होतं. ताईनं सांगितलेलं तिनं कधी मोडलं नव्हतं.

त्याला कारण होतं. आई गेली तेव्हा चिमी सात वर्षांची होती आणि ताई एकोणीसची. वडील होते, पण फिरतीच्या नोकरीवर. महिन्यातले वीस दिवस बाहेर, आणि घरी असले तरी गप्पच. चिमीच्या वेण्या घालणं, डबा भरणं, ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवून जवळ पुस्तक उघडून बसणं हे सगळं ताईनं केलं. स्वतःचं शिक्षण तिनं त्यातूनच पुरं केलं. लग्न केलं नाही. लोक विचारायचे तेव्हा ती म्हणायची, "एक पोर वाढवून झाली माझी, आता उंदीर वाढवते."

उंदीर ती खरोखरच वाढवायची. एका मोठ्या संशोधन संस्थेत तिची प्रयोगशाळा होती आणि पिल्लं अंगावर पाजणाऱ्या माद्यांना तहान कशी लागते, हा तिचा विषय. चिमी एकदा तिथे गेली होती. भिंतीला लागून पिंजऱ्यांच्या रांगा, प्रत्येकावर उलटी टांगलेली पाण्याची बाटली, बाटलीची नळी घरट्याजवळ वाकवलेली. ताईनं तिला एका पिंजऱ्यापाशी उभं केलं. पिल्लं आईला लागली, आणि थोड्या वेळात आई मान लांब करून नळी चाटायला लागली.

"बघितलंस?" ताई हलक्या आवाजात म्हणाली होती. "अजून हिच्या अंगातलं फारसं दूध बाहेर गेलेलंच नाही. पाणी कमी पडलं म्हणून तहान लागली, असं म्हणता येत नाही. पिल्लू लागल्याबरोबर मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं. त्यानं पान्हा फुटतो. माझं म्हणणं, तहानेची वर्दीही तेच देतं."

"मग तसं सांगून टाक की."

"सांगता येत नाही ना. मेंदूतून दुसरंही एक संप्रेरक येतं, व्हॅसोप्रेसिन. अंगातलं पाणी धरून ठेवा, असं ते मूत्रपिंडांना सांगतं. दोघं जुळ्या भावांसारखी. कोण काय करतंय, हे वेगळं काढता येत नाही. अकरा वर्षं झाली, तेच चाललंय माझं."

तेव्हा चिमीला त्यातलं निम्मं कळलं होतं. पण बहिणीचा चेहरा बघून तिला बरं वाटलं होतं. घरी ताई इतकी मोकळी कधी दिसत नसे.

चिमीच्या लग्नानंतर दोघींच्या भेटी कमी झाल्या. भांडण काही नव्हतं. ताई कामात असायची, एवढंच. फोन केला तर "नंतर करते" म्हणायची आणि ते नंतर चार-चार दिवस येत नसे. म्हणून वही सुरू झाल्यावर रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ताईचा फोन यायला लागला, याचंच चिमीला जास्त अप्रूप. गुंडीएवढ्या त्या पोरीला चिमी गुंडीच म्हणायची. तिला मांडीवर घेऊन ती फोनची वाट बघत बसायची.

"काल किती?"

"साडेतीन लिटर. गुंडी आता आवाज आला की मान वळवते, ताई."

"छान. त्यातलं पाजताना किती?"

असं बोलणं चालायचं. गुंडीबद्दल ताई फारसं विचारत नसे, पण चिमीला ते खुपलं नाही. जो तो आपल्या परीनं माया करतो, असं तिचं म्हणणं.

तहान मात्र वाढतच गेली. दहाव्या दिवशी सहा लिटर. चौदाव्या दिवशी साडेसात. साधं पाणी चालेना, गारच हवं वाटायचं. पाणी पिऊन ग्लास खाली ठेवेपर्यंत जीभ पुन्हा टाळ्याला चिकटायची. पिणार तेवढंच बाहेरही जायचं, दर तासाला, रात्रीसुद्धा. झोपेचं खोबरं झालं होतं, पण पहिलटकरणीला झोप कुठे मिळते, असं सगळेच म्हणत. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींतून वरखाली करून तो घरी आला की आधी फ्रिजमधल्या रिकाम्या बाटल्या भरायला लागायचा.

"पोरगी दूध पिते का नळ पिते, कळत नाही," तो म्हणायचा.

सतराव्या दिवशी आकडा नऊच्या पुढे गेला. त्या सकाळी ताईनं फोनवर एक नवा प्रश्न विचारला. लघवीचा रंग कसा असतो?

"रंगच नसतो. पाण्यासारखी."

पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. फोन तुटला की काय असं वाटून चिमीनं दोनदा "हॅलो" म्हटलं.

"आहे मी," ताई म्हणाली. "आज दिवसभराची लघवीही मोजशील? बाटली देते पाठवून."

"ताई, हे फार नाही ना होत? म्हणजे, काही बिघडलंय का माझं?"

"पाजतेयस तू. लिहीत राहा."

चिमी लिहीत राहिली. पुढच्या आठवड्यात बाळाचं वजन करायला नर्स घरी आली. टेबलावर ओळीनं मांडलेल्या पाच बाटल्या बघून ती थबकली. एवढं पाणी पीत असाल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, म्हणाली. चिमीनं अभिमानानं सांगितलं, "माझी बहीण ह्याच विषयातली शास्त्रज्ञ आहे. तिची रोज नजर असते." नर्सनं मान डोलावली, गुंडीचं वजन कार्डावर टिपलं आणि गेली. नवऱ्यानंही दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा काढला तेव्हा चिमीनं त्याच्यासमोरच ताईला फोन लावला.

"डॉक्टरकडे जाऊ का गं? हा मागे लागलाय."

"एवढ्यात नको," ताई म्हणाली. "मी आहे ना."

ते 'मी आहे ना' चिमीनं सात वर्षांची असल्यापासून ऐकलं होतं. ते ऐकलं की पुढे काही विचारायचं उरत नसे. नवऱ्यानं खांदे उडवले. घरात खुद्द वैद्य असताना बाहेर कशाला जायचं, असं तोही मग म्हणाला.

चौथा आठवडा संपता संपता ताईनं आणखी एक गोष्ट मागितली. सकाळी पाणी प्यायचं, मग बाळाला घ्यायचं आणि अर्धा तास घोटसुद्धा घ्यायचा नाही. त्या अर्ध्या तासात तहान किती वाटते, ते एक ते दहामध्ये लिहायचं. चिमीनं केलं. तोंडात रेती भरल्यासारखं झालं, पण केलं. दोन दिवसांनी ताईनं तेच एक तासासाठी मागितलं. तेही झालं. बाळ अंगाला लागलं की तीन-चार मिनिटांत आकडा चढतो, असं चिमीनं स्वतःच्या अक्षरात नोंदवलं, आणि फोनवर ते ऐकताना ताईचा श्वास जोरात चालल्याचं तिला जाणवलं.

"चिमे, तुझ्यासारखी मापं माझ्याकडच्या पोरांना सुद्धा घेता येत नाहीत," ताई म्हणाली.

चिमी दिवसभर त्या वाक्यावर खूश होती.

चौतिसाव्या दिवशीचं सांगणं असं होतं. सकाळी सहाला पोटभर पाणी प्यायचं. मग बाळाला दोनदा पाजून होईपर्यंत काही प्यायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा.

नवरा सातला कामावर गेला. साडेसातला गुंडीनं पहिल्यांदा दूध घेतलं. दुसरं साडेनऊच्या सुमाराला व्हायला हवं होतं, पण पोरगी गाढ झोपून राहिली. तिला उठवावंसं चिमीला वाटेना. नऊ वाजताच तिनं आकडा दहा लिहिला होता. त्याच्या पुढे लिहायला आकडा नव्हता, म्हणून तिनं अकरा लिहिला, मग बारा. लघवी थांबली नव्हती. दहाला ताईचा फोन आला नाही. आदल्या दिवशीच तिनं सांगून ठेवलं होतं, मधे बोलणं नको, नोंद बिघडते. साडेदहानंतर वहीतली अक्षरं रेघ सोडून तिरकी उतरायला लागली. अकराला गुंडी उठली. तिला पाजताना चिमीला दिसलं की समोरच्या भिंतीवर एका घड्याळाची दोन झालीयत. पोरीला तिनं नीट पाळण्यात ठेवलं, चारही बाजूंनी दुलई खोचली, आणि मग स्वयंपाकघरातल्या नळाकडे गेली. नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, ते तिला आठवेना. ती तिथेच खाली बसली आणि आडवी झाली.

समोरच्या दारात एक शिकवणी घेणाऱ्या बाई राहायच्या. बाळाचं रडणं थांबत नाही म्हणून त्यांनी दार वाजवलं, मग नवऱ्याला फोन केला, मग रुग्णवाहिकेला. चिमीला उचललं तेव्हा ती शुद्धीत होती, पण बाळाचं नाव काय आणि वार कुठला, हे तिला सांगता येत नव्हतं. "वही" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाईंनी ती वही तिच्या उशाशी ठेवून दिली.

दवाखान्यात रक्त तपासलं. त्यातलं मीठ धोक्याच्या बरंच वर गेलं होतं. सलाईन लावलं, तेही थेंबथेंब, कारण एकदम पाणी भरलं तर मेंदूला सूज येते. गुंडीला सांभाळायला बाई घरी राहिल्या. नवरा कामाचे बूट न काढता वॉर्डाच्या बाकावर बसून होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी तिला जिभेखाली ठेवायला एक बारीकशी गोळी दिली. संध्याकाळी चिमी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघत पडली होती, आणि तिच्या ध्यानात आलं की गेले तीन तास तिला पाण्याची आठवणच झाली नाही. महिन्याभरात पहिल्यांदा तिचं तोंड नुसतं तोंड होतं, त्यात रेती नव्हती. तिला रडू आलं.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांच्या हातात वही होती.

"तुमच्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यातून जे संप्रेरक यायला हवं, पाणी धरून ठेवणारं, ते तुमच्यात जवळजवळ येतच नाहीये. बाळंतपणानंतर क्वचित होतं असं. गोळीनं ते भरून निघतं. बाळाला पाजायलाही हरकत नाही. कदाचित काही महिन्यांत आपोआप सुधारेल, कदाचित नाही. बघू."

"म्हणजे ती तहान पाजण्यामुळे नव्हती?"

"थोडी असणारच. पाजणाऱ्या बाईला लिटरभर पाणी जास्त लागतं. नऊ-दहा लिटर लागत नाही." त्यांनी पानं उलटली. "फार सुंदर नोंद ठेवलीय. ही कोणी लिहायला सांगितली?"

"बहिणीनं. ती शास्त्रज्ञ आहे. तहानेवरच काम करते, दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या."

डॉक्टरबाईंनी वहीतून मान वर केली. "मग त्यांनी अजून ही बघितली नसेल."

"रोज फोनवर सांगत होते मी."

"हे शेवटच्या दिवसाचंही? पाणी न पिण्याचं?"

"तिनंच सांगितलं होतं."

डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवली, जरा जास्तच जपून. "ते तुम्ही त्यांनाच विचारा," म्हणाल्या आणि उठल्या. दारापर्यंत जाऊन मागे वळल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण नर्सनं हाक मारली.

चिमीनं वही उघडली. आपलंच अक्षर तिनं पहिल्यांदाच असं वाचलं, दुसऱ्या कुणाच्या घेतलेल्या मापांसारखं. कापडाचा एक धागा तिरका गेला की तो शेवटपर्यंत कुठून कुठे जातो, हे तिला ओळखता यायचं. सतराव्या दिवसापाशी ती थांबली. लघवीचा रंग. मग ती शांतता, दोनदा म्हटलेलं "हॅलो".

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि स्वेटर उलटा घातला होता. तिनं चिमीच्या कपाळावर हात ठेवला. चिमीनं तो बाजूला केला नाही, पण डोळेही मिटले नाहीत.

"कधी कळलं तुला?" चिमीनं विचारलं.

ताई खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं चिमीला नंतर पुष्कळदा वाटलं. पण ताईला आकड्यांच्या बाबतीत खोटं बोलता येत नसे.

"सतराव्या दिवशी शंका आली. एकोणिसाव्या दिवशी खात्री झाली."

"आणि काल पस्तिसावा होता."

"हो."

नवरा बाकावरून उठला. चिमीनं त्याला हातानं खाली बसायला सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

ताई पलंगाच्या कडेला बसली. ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज प्रयोगशाळेतला झाला, तो मोकळा, हलका आवाज. "चिमे, ऐक. तुझ्यात व्हॅसोप्रेसिन नाही, पण पान्हा येतोय, म्हणजे ऑक्सिटोसिन आहे. दोघं जुळे, आणि त्यातला एकच शिल्लक. अकरा वर्षं मी हेच उंदरांमध्ये वेगळं करायला बघतेय आणि जमत नाहीये. आणि तू घरात बसून… बाळ लागलं की तीन मिनिटांत तहान चढते, हे तू दाखवलंस. अशी नोंद माझ्या माहितीत कोणाकडे नाही. गोळी सुरू झाली असती तर सगळं पुन्हा एकात एक मिसळलं असतं. मला फक्त दोन आठवडे हवे होते."

"दोन आठवडे."

"तुझ्याजवळ पाणी होतं. पाणी हाताशी असेपर्यंत ह्या आजारात धोका नसतो. मी सगळा विचार केला होता."

"मग पाणी पिऊ नकोस, असं कोणी सांगितलं?"

ताईनं पलंगावरच्या चादरीची सुरकुती सरळ केली.

"घरात गुंडी आणि मी दोघीच होतो," चिमी म्हणाली. "तुला ठाऊक होतं ते. तिला मी हातातून टाकली असती."

"दोन पाजण्यांना साडेतीन तास लागतील, असं मी धरलं होतं. ती झोपून राहील हे…"

"तू धरलं होतंस."

वॉर्डात कुणाचा तरी चमचा खाली पडला. ताईनं वाकून तो उचलून दिला, पलीकडच्या बाईला हसून काहीतरी म्हणाली, आणि परत येऊन बसली नाही. उभीच राहिली. "माझं चुकलं," ती म्हणाली. चिमीला तिचं म्हणणं खरं वाटलं. पण ते नक्की कशाबद्दल आहे, हे तिला कळेना. साडेतीन तासांच्या हिशेबाबद्दल की तिच्याबद्दल?

नवरा दोन दिवस धुमसत होता. संस्थेच्या प्रमुखांना पत्र लिहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. "परक्यानं केलं असतं तर मी समजलो असतो," तो म्हणाला. "हे म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं." चिमीनं त्याला पत्र लिहू दिलं नाही. ताईवर दया आली म्हणून नव्हे. आपल्या आणि ताईच्या मधे तिसऱ्या कुणी बोलावं, हे तिला अजून सहन होत नव्हतं.

ती घरी आली. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, तेही न मोजता. गुंडीच्या मनगटांना वळ्या पडायला लागल्या. सकाळचा फोन बंद झाला होता, आणि चिमीची लाज अशी की दहा वाजले की तिचा हात अजूनही फोनकडे जायचा. एवढं होऊनही. त्या पाच आठवड्यांइतकं ताईनं तिच्याकडे लहानपणानंतर कधी लक्ष दिलं नव्हतं, आणि ते लक्ष तिच्याकडे नव्हतंच, हे कळूनही आठवण त्याचीच यायची. ह्याचा तिला सगळ्यात जास्त राग होता.

तीन महिन्यांनी ताई आली. गुंडीसाठी तिनं लाकडी खुळखुळा आणला होता. चहा झाला. मग तिनं पिशवीतून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवून त्याची घडी तळहातानं सरळ केली.

"संमतीपत्र आहे," ती म्हणाली. "तुझं नाव कुठेही येणार नाही. एकतीस वर्षांची स्त्री, पहिली खेप, एवढंच. तुझी इच्छा नसेल तर मी छापणार नाही. पण विचार कर. पुढे कुणा बाईला असं झालं तर तिच्या डॉक्टरला उपयोग होईल. तुझ्या नोंदीसारखी दुसरी नाही."

चिमीनं कागद वाचला. सावकाश, बोट ठेवून. वाचताना तिला कळत होतं की ताई बोलली ते खोटं नव्हतं. कुणा बाईला उपयोग झाला असता.

"सही करते," ती म्हणाली.

ताईनं पेन पुढे केलं.

"पण तुझ्या लेखात एक ओळ घाल. नोंद ठेवायला सांगणाऱ्या व्यक्तीला एकोणिसाव्या दिवशी आजार कळला होता आणि पस्तिसाव्या दिवसापर्यंत तिनं तो रुग्णाला सांगितला नाही. आणि चौतिसाव्या दिवशी तिला पाणी न पिता राहायला सांगितलं. एवढं लिही. मग कर तुझं सगळं."

"चिमे, असं लिहिलं तर कोणी छापणार नाही."

"का?"

ताईनं पेनाला टोपण लावलं.

"माझी मापं खरी आहेत ना? मग हेही माप त्यातलंच आहे. ते काढून घेतलं तर शर्ट बसणार कसा?"

"माझी प्रयोगशाळा जाईल," ताई हळूच म्हणाली. "सगळंच जाईल."

"मला तेच बघायचं होतं," चिमी म्हणाली. "तुला स्वतःला काही सोसावं लागलं तर तू काय करतेस, ते."

हे बोलायचं तिनं ठरवलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिलाच जरा भीती वाटली. ताईनं कागद घडी करून पिशवीत टाकला. दारात चप्पल घालताना तिनं भिंतीला हात टेकला. चिमीला ती पहिल्यांदाच म्हातारी दिसली, आणि उठून तिला धरावं असं मनात आलं. ती बसूनच राहिली.

लेख आला नाही. पुढे वर्षभरानं ताईचा उंदरांवरचा एक निबंध छापून आल्याचं कुणीतरी सांगितलं. त्यात माणसांचा उल्लेख नव्हता. चिमीनं वही जपून ठेवलीही नाही आणि जाळलीही नाही. डॉक्टरबाईंनी मागितली, तेव्हा त्यांच्याकडे दिली. हवं ते शिकवा, पण माझ्या बहिणीचं नाव नको, म्हणाली. आठव्या महिन्यात गोळी बंद करून बघितली, आणि तहान परत आली नाही. मास्तरांनी तिला कामावर परत घेतलं, कापणीच्या त्याच टेबलावर.

गुंडी वर्षाची झाली तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "ताईला बोलवायचं का?"

चिमीनं हातातल्या बाळाच्या झबल्याची घडी पुरी केली. "बोलव," ती म्हणाली. "पण फोन तू कर."

ताई आली. समोरच्या दारातल्या बाई होत्या, नवऱ्याचे दोन मित्र होते. कुणाला काही जाणवलं नाही. ताईनं गुंडीला मांडीवर घेतलं, खुळखुळा वाजवला, तिच्या तोंडापुढे बोट नेलं. गुंडीनं बोट धरून तोंडात घातलं. ताई तिच्याकडे बघत होती, मान किंचित कलती, डोळे स्थिर. चिमी लहान होती तेव्हा तापात तिच्याकडे ताई अशीच बघायची. ती नजर तेव्हा मायेची होती, असं चिमीनं चोवीस वर्षं धरलं होतं. आता ते तिला ठरवता येईना. ती उठली, ताईजवळ गेली आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे. झोप आलीय तिला."

गुंडीला झोप आली नव्हती. ताईनं तिला मुकाट्यानं परत दिलं.